मान हलेपर्यंत

संपादकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, ‘दिवाळी अंकासाठी नोकरीतले गोड अनुभव लिहा.’ गोड? मी ग्रामसेवक होतो हो. मिठाईचं दुकान नव्हतं माझं. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मिळून अख्खी नोकरी झाली, आणि त्या सगळ्या नोकरीत मी एकच काम केलं: लोकांची मतं ऐकली. एवढी ऐकली की आता घरी बायकोनं ‘मला वाटतं’ असं म्हटलं की माझी बोटं आपोआप पेन शोधतात. तिचं म्हणणं मात्र उलटं आहे. ‘बाहेरच्यांचं ऐकायचा पगार घेतला, घरातलं कधी फुकटसुद्धा ऐकलं नाही,’ असं ती येईल त्या पाहुण्याला सांगते.

शहरातल्या वाचकांना ग्रामसेवक म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नसतं. आता म्हणे त्याचं नावही बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलंय. नाव काहीही ठेवा. तो गावाचा सरकारी चिटणीस. सरपंच लोकांनी निवडलेला, ग्रामसेवक सरकारनं पाठवलेला. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, दिवाबत्ती, गटार, सगळं त्याच्याकडे. गावातले लोक त्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि रागावले की नुसतं ‘ओ सेवक’ म्हणतात. वर्षातून काही वेळा ग्रामसभा घ्यायची. गावातल्या प्रत्येक मतदारानं तिथं यावं, बोलावं, आणि ठरेल ते ग्रामसेवकानं लिहावं, असा कायदा. ग्रामसेवकाला स्वतःला मत नाही. सगळा गाव बोलणार आणि त्यातला एकटा मी गप्प बसणार. या शिक्षेला सरकारी भाषेत नोकरी म्हणतात.

ग्रामसभा कशी होते ते एकदा बघाच. आधी कुणी येतच नाही. दवंडी दिली, स्पीकरवर ओरडून झालं, व्हॉट्सॲपवर टाकलं, तरी समोर चार म्हातारे आणि एक कुत्रं. मग कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावाला पाठ झालेलं, त्यामुळे तेव्हाही कुणी येत नाही. पण विषय जरा पेटता असला की मंदिराचा मंडप पुरत नाही. आणि मग जे सुरू होतं त्याला बोलणं म्हणायचं का? उचलली जीभ लावली टाळ्याला! समोरचा काय म्हणाला हे एकाच्याही कानात शिरलेलं नसतं. तो तोंड उघडायच्या आतच, त्याचा भाऊबंद कोण, मागच्या निवडणुकीत तो कुणाबरोबर होता, यावरून त्याचं मत काय असणार हे ठरलेलं असतं. ‘ऐकावं जनाचं, करावं मनाचं’ असं म्हणतात. अहो, मनाचं करा, माझी ना नाही, पण जनाचं आधी ऐका तरी!

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला काही हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष खणून काढलेत. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, सगळं सापडलं. ती वस्ती उठली कशी यावर विद्वान म्हणतात, दुष्काळ पडला म्हणून. मला विचाराल तर त्यांनी ग्रामसभा घ्यायला सुरुवात केली असेल.

एक गृहस्थ होते दौंडच्या बाजूला. कुठल्याही ठरावाला त्यांचा विरोध. अंगणवाडीला पत्रा टाकायचा, विरोध. का? तर म्हणे, ‘समदेच व्हय म्हणाय लागले म्हंजी कायतरी काळंबेरं असणार.’ एकदा मी वैतागून त्यांनी स्वतःच आणलेला विषय पुकारला, त्यांच्याच वस्तीवरच्या दिव्याचा. समदे व्हय म्हणाले. हे उठले आणि विरोध करून बसले. काय करायचं सांगा अशा माणसाचं? दिवा लावला आम्ही. त्यांचा विरोधही लिहून घेतला.

पण याच भागात, भांडगावच्या अलीकडे, मला माझ्या नोकरीतलं एकमेव शहाणपण सापडलं. चाऱ्यासाठी फिरणारी काही धनगर बिऱ्हाडं एका शेतात उतरली होती. त्यांच्यात कसलंसं भांडण जुंपलं. वाट कुठली धरायची, असंच काही. त्यांचा कारभारी म्हातारा. त्यानं दोघांना समोर बसवलं आणि पहिल्याला म्हणाला, ‘तुझं नंतर. आदी ह्याचं बोल.’ म्हणजे काय, तर ज्याला भांडायचंय त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडायचं, आणि समोरच्यानं ‘व्हय, हेच म्हणत हुतो मी’ अशी मान हलवली की मगच आपलं सांगायचं. मान हलेपर्यंत स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. मी रस्त्यावर गाडी थांबवून बघत राहिलो. मला वाटलं, अरे, हे मला कुणी आधी का शिकवलं नाही?

पुढच्याच ग्रामसभेत मी ते लावून बघितलं. कपाळ माझं! पहिलाच बहाद्दर उठला आणि समोरच्याचं म्हणणं त्यानं असं मांडलं: ‘ह्याचं म्हणणं असं हाय की ह्याला अक्कल न्हाई.’ सगळा मंडप हसला. समोरचा चप्पल शोधायला लागला. पुढं बरीच वर्षं तो प्रकार मी अधूनमधून वापरत राहिलो आणि बहुतेक वेळा त्याचा असाच विचका झाला. पालथ्या घड्यावर पाणी. पण मी चिवट आहे. आणि एकदा, फक्त एकदाच, तो लागू पडला. तेच सांगायला हा लेख लिहितोय. बाकीचं नुसतं गाऱ्हाणं समजा.

हे अलीकडचंच, माझ्या शेवटच्या गावातलं. घोड नदीच्या काठचं गाव. नाव लिहीत नाही, सगळेजण अजून तिथंच राहतात आणि मला त्या रस्त्यानं जावं लागतं. विषय होता गायरानाचा. गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. तिथं सौर प्रकल्प उभारायचा, म्हणजे शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळेल, अशी योजना आली होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता.

दिवसा वीज म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पंपाची वीज कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला माणूस उसात दारं धरायला जातो, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला. आणि उसात बिबट्या. बिबट्या आता आमच्याकडे पाहुणा राहिलेला नाही, भाऊबंदच झालाय. मंगल म्हणून एक बाई आहे, तीन-चार एकर उसाची धनीण. तिच्या नवऱ्याची आणि बिबट्याची बांधावर समोरासमोर गाठ पडली. बिबट्या गेला त्याच्या वाटेनं, पण हा पळताना पडला आणि पाय मोडून घेतला. पाय जुळला, लंगडणं राहिलं. तसाच लंगडत तो रात्रीचा पाण्याला जातच होता. ऊस काही पाय बरा व्हायची वाट बघत नाही.

दुसऱ्या बाजूला आप्पा. गावातली धनगरांची सगळी घरं आता शेतीत रमलीत, पोरं रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातात. मेंढरं राखणारे आप्पा एकटेच उरलेले. साठ-सत्तर मेंढरं, एक घोडी, दोन कुत्री. त्यांचं सगळं चरणं त्या गायरानावर. गायरान गेलं की मेंढरं गेली, इतका साधा हिशेब होता. आणि मेंढरं गेली की आप्पांनी सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. माझ्याही नाही. मला वरून रोज फोन, ‘ठराव कुठंय?’

सभेच्या दिवशी मंडप खच्चून भरला. सरपंच तुषार, तरणाताठा, हुशार पोरगा, पण मी म्हणेन ती पूर्व दिशा असला खाक्या. त्यानं सुरुवातच केली, ‘सोलर इज द फ्युचर. ज्यांना डेव्हलपमेंट नको त्यांनी बसून राहावं.’ मागून पोरं ओरडली, ‘मेंढरामागं गाव थांबायचं का?’ आप्पांचा एक पुतण्या उठला, ‘तुमी उसावाले आमाला कवा माणसात मोजणार?’ झालं. जमिनीवरून जातीवर, जातीवरून मागच्या निवडणुकीवर, तिथून कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावर. माझं डोकं उठलं. गावाला मत असावं हो, पण एकाला चार कशाला?

मी माइक ओढून घेतला. मला तसा अधिकार नव्हता, पण निवृत्ती जवळ आली की माणूस जरा शूर होतो. म्हटलं, ‘मंगलताई ठरावाच्या बाजूनं, आप्पा विरोधात. दोघंच बोलतील. आणि आधी एकमेकांचं बोलतील.’ आप्पांनी माझ्याकडे चमकून बघितलं. ‘ही आमच्यातली रीत तुमाला कुणी सांगितली?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘रस्त्यावर मिळाली. तुम्ही सुरू करा.’

आप्पा उभे राहिले. ‘मंगलचं म्हणणं, तिला दिवसा लाईट पायजे.’

मंगल हलली नाही.

‘तिच्या धन्याला बिबट्याचं भ्या वाटतं.’

‘त्यास्नी कुठं भ्या वाटतं?’ मंगल बसल्या जागेवरून म्हणाली. ‘त्यास्नी भ्या वाटलं असतं तर बरं झालं असतं.’

पोरं हसायला लागली. आप्पांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग सावकाश म्हणाले, ‘मी मेंढरांपाशी रानातच निजतो. हिचं घर मला दिसतं. तो पाण्याला गेला की ही निजत न्हाई. घटकाघटकाला फोन लावती. त्यानं उचलला की त्याला शिव्या घालती. त्या शिव्या माझ्यापतुर ऐकू येत्यात. आन् त्यानं न्हाई उचलला, की मग काय बी आवाज येत न्हाई. तिचं म्हणणं एवढंच हाय की त्या गप्प बसण्याची तिला भीती वाटती.’

मंगलनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

‘आता तुमी,’ आप्पा तिला म्हणाले आणि खाली बसले.

मंगल उठली. ‘आप्पांचं म्हणणं, मेंढरं चारायला जागा उरणार न्हाई.’ आप्पा तसेच बसलेले. ‘आप्पांचं म्हणणं, गायरान धनगरांच्या हक्काचं हाय.’ त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुतण्याचं तोंड उतरलं. तुषार माझ्या कानाशी आला, ‘भाऊसाहेब, टाइमपास चाललाय. मतदान घ्या.’ मी म्हटलं, ‘सरपंच, जन्मात एकदा गप्प बसा.’ असं मी नोकरीत कुणाला कधीच बोललो नव्हतो. बोलल्यावर बरं वाटलं.

मंगल आप्पांकडे बघत राहिली. ती काही शोधत होती. मग म्हणाली, ‘आप्पांना म्हाईत हाय मेंढरं जाणार. आज न्हाई तर उद्या. पोरं कंपनीत, सुनांना मेंढराचा वास सोसत न्हाई. राखणार कोण? त्यांचं म्हणणं असं हाय… मेंढरं मी वाढीवली, मोडायची बी मी. माझ्या हातानं. गावानं मला हाकलायचं न्हाई.’

आप्पांनी मान हलवली. हलवली आणि ती खालीच ठेवली.

आता खरं तर दोघांनी आपापलं बोलायचं होतं. पण आप्पा उठलेच नाहीत. आणि मंगल म्हणाली, ‘माझं मत बदललेलं न्हाई. जमीन द्यायलाच पायजे. पर कवा द्यायची ते आप्पांनी सांगायचं.’

यावर जो गलका झाला! पोरांचं म्हणणं, म्हातारा जन्मात सांगणार नाही. तुषारचं म्हणणं, असा बिनतारखेचा ठराव असतो का? आणि खरं सांगतो, या खेपेला मी तुषारच्या बाजूचा होतो. बाईनं सगळा घोळ घातला असं मला वाटत होतं. तिच्याच नवऱ्याचा जीव टांगणीला, आणि हीच मुदत देऊन बसली. पण मला मत नाही. हात वर झाले, आधी बायकांचे, मग पुरुषांचे, शेवटी लाजेकाजेनं पोरांचेही. ठराव झाला.

लिहायचा कसा? मी सरकारी भाषेत लिहिलं, ‘संबंधितांनी कळवल्यानंतर जागेचा ताबा देण्यात यावा.’ आठवड्यात वरून साहेबांचा फोन. ‘संबंधित म्हणजे कोणता विभाग?’

‘विभाग नाही साहेब. आप्पा.’

‘कोण आप्पा?’

‘मेंढरं राखतात.’

पलीकडे जी शांतता पसरली तिचं वर्णन करायला मला शब्द नाहीत. नंतर जे शब्द आले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

पावसाळा सरला. मंगलचा नवरा रात्रीचा पाण्याला जातच होता. गावातली पोरं तिला येता-जाता टोचायची, ‘काकू, आप्पांचा मुहूर्त निघाला का?’ ती ऐकून घ्यायची. आप्पांना एकदाही ती काही बोलली नाही. मलाच राहवेना. मी गायरानात गेलो. आप्पांनी घोंगडी टाकली, चहा ठेवला.

‘आप्पा, कधी?’

‘तुमाला वाटतं मी अडून बसलोय,’ ते म्हणाले. ‘पर ते सोलरच्या काचांचं काम चूकच हाय, भाऊसाहेब. गायरान एकदा गेलं की माघारी येत न्हाई. उद्या त्या काचा जुन्या झाल्या, कंपनीवाला निघून गेला, मग काय चाराल? लोखंड?’

मी त्यांना योजना समजावली. करार, मुदत, गावाला मिळणारे फायदे, सगळं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडून दाखवलं आणि म्हणाले, ‘हलवा मान.’ मी हलवली. ‘तरी चूकच हाय,’ म्हणाले आणि चहा गाळला. काय बोलणार अशा माणसाशी? तणतणत परत आलो. चहा मात्र फार चांगला होता.

दसरा झाल्यावर एका सकाळी ऑफिस उघडतोय तर पायरीवर आप्पा. अंगावर धुतलेलं धोतर, हात मोकळे. त्यांच्या हातात काठी नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

‘लिव्हा,’ म्हणाले. ‘काष्टीच्या बाजारात दिली. दोन ठेवल्यात दारात, नातवाला दुधाला.’

इतके महिने ज्याची वाट बघितली ते समोर येऊन उभं राहिलं आणि मला आनंदच होईना. खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

‘मन पालटलं म्हणायचं का, आप्पा?’

‘मत तेच हाय. चूक करताय तुमी लोकं. मंगलला बी सांगा, आप्पाचं मत हाय तेच हाय.’

‘मग विकली का?’

आप्पांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. ‘तिचा धनी परवा माझ्या मेंढरांच्या जाळीशेजारीच दारं धरीत हुता. मी हाक मारली, ये, चहा पी. आला लंगडत. मला वाटलं, आता इषय काढील. त्यानं न्हाई काढला. उठताना म्हणाला, आप्पा, तुमचं चालू द्या निवांत.’ त्यांनी चौकटीवर थाप मारली. ‘निवांत म्हणाला, भाऊसाहेब! भांडला असता तर मी अजून दोन वर्सं मेंढरं राखली असती.’

ते गेले. मी मंगलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मतसुद्धा. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं फोन कट झाला.

‘मंगलताई?’

‘माझं बी मत तेच हाय म्हणावं,’ ती म्हणाली. ‘जमीन द्यायलाच पायजे हुती.’

‘बरं. मग रडताय कशाला?’

‘कोण रडतंय?’ तिनं नाक ओढलं. ‘आन् आप्पांना म्हणावं, ती दोन हायेत न्हवं दारात, त्यांना चाऱ्याला उसाचं वाढं रोज आमच्यातनं न्यायचं. विकत बिकत घ्यायचं न्हाई.’

आता मात्र माझा तोल गेला. दोघांच्या घरांत एका शेताचं अंतर. दोघांकडे फोन. आणि निरोप पोचवायला सरकारनं नेमलेला माणूस! मी ओरडलोच, ‘अहो बाई, तुमच्या दारात उभं राहून हाक मारली तरी त्यांना ऐकू जाईल. तुम्हीच का नाही सांगत?’

‘नगं बया,’ ती म्हणाली. ‘मी गेले तर काचांवरनं परत भांडाण हुईल. आन् आज त्यांच्याशी भांडायचं धाडस न्हाई मला.’